गुलामीतून निसटलेल्यांची आत्मकथनं : वाचायला सुरुवात कशी करावी

अमेरिकेतल्या गुलामीतून पळून गेलेल्या माणसांनी आपल्या सुटकेच्या हकिकती स्वतः लिहून ठेवल्या आहेत, काहींनी दुसऱ्याला सांगून लिहवून घेतल्या आहेत. पुस्तकं आणि पुस्तिका धरून ही संख्या शंभराच्या वर जाते, आणि बहुतेक सगळं इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. तरीही नव्या वाचकाचं गाडं पहिल्या वीस पानांतच अडतं. समोर एकोणिसाव्या शतकातली लांबलचक इंग्रजी वाक्यं असतात, सुरुवातीला कुणा गोऱ्या गृहस्थाची प्रस्तावना असते, आणि यातलं खरं किती, रंगवलेलं किती, हा प्रश्न मनात असतो. त्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. यातली बरीच पुस्तकं लिहिली गेली तेव्हा धोका टळलेला नव्हता. लिहिणारा माणूस पुन्हा पकडला जाऊ शकत होता. त्याला मदत करणारे अजून तिथेच होते, आईबाप, भावंडं, पोरंबाळं मालकाच्या ताब्यात होती. त्यामुळे लेखकाने काय सांगितलं याच्याइतकंच काय सांगायचं टाळलं, हेही वाचावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

पहिली पायरी : डग्लसपासून सुरुवात करा

फ्रेडरिक डग्लस यांचं 'नॅरेटिव्ह ऑफ द लाइफ ऑफ फ्रेडरिक डग्लस' हे 1845 साली बोस्टनमध्ये छापलेलं पुस्तक आधी घ्या. अवघी 11 प्रकरणं आहेत, भाषा सरळ आणि धारदार आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते मिळतं. वाचायला जड गेलं तर लिब्रिव्हॉक्सवर फुकट ऐकता येतं, आणि कानाने ऐकत डोळ्यांनी ओळी धरल्या की जुनं इंग्रजी पुष्कळ सोपं होतं.

गुलामीविरोधी चळवळीतले गोरे पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचं पत्र सुरुवातीला सोडून द्या. त्यांच्याकडे नंतर यायचंच आहे. थेट पहिलं प्रकरण उघडा. आपला जन्म कधी झाला हे आपल्याला ठाऊक नाही, इथून डग्लस सुरुवात करतात. घोड्यांना जितकं आपलं वय कळतं तितकंच गुलामांना कळतं, आणि त्यांना तसंच अडाणी ठेवणं मालकांच्या सोयीचं असतं, असं ते लिहितात.

सहाव्या आणि सातव्या प्रकरणावर घाई करू नका. बाल्टिमोरमध्ये मालकीणबाई सोफिया ऑल्ड त्यांना मुळाक्षरं शिकवायला लागतात. नवरा ह्यू ऑल्ड ते बंद पाडतो, कारण वाचायला शिकलेला गुलाम गुलाम म्हणून कामाचा राहत नाही. ते बोलणं पोराच्या कानावर पडतं आणि सुटकेची वाट कुठून जाते हे त्याला मालकाच्याच तोंडून कळतं. मग तो खिशात पाव घेऊन निघतो, रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना तो देतो आणि बदल्यात त्यांच्याकडून वाचायला शिकतो. जहाजाच्या गोदीत सुतार लाकडांवर एल, एस, एफ, ए अशी खुणेची अक्षरं लिहीत, कुठलं लाकूड जहाजाच्या कोणत्या बाजूचं हे कळावं म्हणून. डग्लस यांनी लिहिण्याचा पहिला धडा त्या अक्षरांवर गिरवला. सावित्रीबाईंच्या महाराष्ट्रातल्या वाचकाला ही पानं वेगळी समजावून सांगावी लागणार नाहीत.

दुसरी पायरी : गाळलेली जागा शोधा

अकराव्या प्रकरणात पलायन येतं आणि वाचक बुचकळ्यात पडतो. 3 सप्टेंबर 1838 रोजी आपण साखळ्या तोडून न्यूयॉर्कला पोचलो असं डग्लस सांगतात, पण कसे पोचलो ते सांगत नाहीत. सांगितलं तर मदत करणारे अडचणीत येतील आणि मागून येणाऱ्यांचा रस्ता बंद होईल, असं ते स्पष्टच लिहितात. पळून जाणाऱ्यांना आसरा देणाऱ्या गुप्त साखळीला 'भूमिगत रेल्वे' म्हणत. काही उत्साही मंडळींनी जाहीर बोलून बोलून ती जमिनीवरची रेल्वे करून टाकली, असा त्यांचा राग आहे.

ते पान वाचलं की पेन्सिलने खूण करा आणि डग्लस यांचं 1881 सालचं लेखन शोधा. गुलामी कायद्याने संपून सोळा वर्षं झाल्यावर त्यांनी सगळी हकिकत सांगितली. खलाशाचा वेश, गळ्यात खलाशी पद्धतीने बांधलेला रुमाल, खिशात एका स्वतंत्र काळ्या खलाशाकडून उसना घेतलेला दाखला. दाखल्यावर गरुडाचा मोठा छाप होता, पण आत लिहिलेलं वर्णन डग्लस यांच्याशी जुळत नव्हतं. तिकीट खिडकीवर कागद नीट तपासले गेले असते, म्हणून ते गाडी सुटता सुटता चढले. कंडक्टरने छाप पाहिला, मजकूर वाचला नाही, आणि पुढे गेला. गोदीत काम केल्यामुळे खलाशांची बोली त्यांच्या तोंडात बसलेली होती, तीही उपयोगी पडली. चोवीस तासांच्या आत ते न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांना पैशांची मदत करणारी अॅना मरे ही बाल्टिमोरमधली स्वतंत्र काळी स्त्री. काही दिवसांतच ती न्यूयॉर्कला आली आणि दोघांचं लग्न झालं.

आता हेन्री बॉक्स ब्राउन यांची गोष्ट शेजारी ठेवा, म्हणजे डग्लस यांचं गप्प राहणं किती शहाणपणाचं होतं ते कळेल. रिचमंड शहरात ब्राउन यांची बायको आणि मुलं 1848 मध्ये विकली गेली. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी स्वतःला एका लाकडी खोक्यात बंद करून घेतलं. खोकं 3 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट 8 इंच खोल. सोबत पाणी, थोडी बिस्किटं आणि हवेसाठी भोक पाडायला गिरमिट. ते पार्सल म्हणून फिलाडेल्फियाला पाठवलं गेलं आणि पोचायला सव्वीस-सत्तावीस तास लागले. वाटेत आगबोटीवर खोकं उलटं ठेवलं गेलं आणि ब्राउन बराच वेळ डोक्यावर उभे होते. ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. खोकं पाठवणारे सॅम्युअल स्मिथ यांनी त्याच वर्षी आणखी दोघांना तसंच पाठवायचा प्रयत्न केला, पण तो पकडला गेला आणि त्यांना तुरुंगात जावं लागलं. ब्राउन यांच्या पलायनाचा इतका गाजावाजा झाला नसता तर दर वर्षी हजार बॉक्स ब्राउन सुटले असते, असं डग्लस यांनी 1855 मध्ये लिहिलं. ब्राउन यांना दोष द्यायला माझं मन होत नाही. व्याख्यानं देऊन पोट भरणाऱ्या माणसाजवळ त्या गोष्टीशिवाय होतं काय? पण डग्लस यांचं म्हणणंही खोटं नाही.

तिसरी पायरी : नकाशा समोर ठेवा

गावांची नावं आपल्याला अनोळखी, त्यामुळे अंतर जाणवत नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा साधा नकाशा उघडा आणि गुलामीची राज्यं कोणती, मुक्त राज्यं कोणती, ते रंगवून घ्या. मग विल्यम आणि एलन क्राफ्ट यांचं 'रनिंग अ थाउजंड माइल्स फॉर फ्रीडम' वाचायला घ्या. ते लंडनमध्ये 1860 साली निघालं.

जॉर्जियातल्या मेकन गावापासून फिलाडेल्फियापर्यंत या नवराबायकोने डिसेंबर 1848 मध्ये प्रवास केला, तोही दिवसाढवळ्या रेल्वे आणि आगबोटींनी. एलनचा रंग गोरा होता. तिने केस कापले, पुरुषी पोशाख चढवला आणि ती आजारी तरुण जमीनदार झाली. विल्यम तिचा गुलाम म्हणून मागे चालत राहिला. पोशाखाचे एकेक कपडे विल्यमने वेगवेगळ्या वेळी विकत आणले होते, पाटलोण एलनने स्वतः शिवली. दोघांनाही लिहिता येत नव्हतं, आणि हॉटेलात तर सही करावी लागणार. म्हणून उजवा हात झोळीत बांधला. दाढी नसलेला चेहरा झाकायला गालावर पोटीस, डोळ्यांवर हिरवा चष्मा.

मेकनच्या गाडीत एलनच्या शेजारी येऊन बसला तो तिच्या मालकाचा जुना स्नेही. तिला लहानपणापासून ओळखणारा! तिने बहिरेपणाचं सोंग घेतलं. चार्ल्स्टनमध्ये अधिकाऱ्याने नाव लिहून द्यायला नकार दिला, तेव्हा सवानाहून बरोबर आलेल्या एका लष्करी तरुणाने ओळख सांगितली आणि आगबोटीच्या कप्तानाने नोंद केली. नकाशावर बोट ठेवून हे वाचलं की ध्यानात येतं, चार्ल्स्टनपासून अजून अर्ध्याहून जास्त वाट बाकी आहे. गुलामीच्या हद्दीतलं शेवटचं मोठं ठाणं बाल्टिमोर, आणि तिथेच त्यांना पुन्हा अडवलं गेलं. नाताळच्या सकाळी ती फिलाडेल्फियात उतरली.

सगळे उत्तरेलाच गेले असंही समजू नका. टेक्ससमधून कित्येकांनी मेक्सिको गाठला, तिथे 1829 मध्येच गुलामी बंद झाली होती.

चौथी पायरी : लेखणी कुणाच्या हातात होती?

आता मुखपृष्ठाच्या आतलं पान पाहा. 'स्वतः लिहिलेले' असं छापलं आहे का? पुष्कळ पुस्तकांवर ते मुद्दाम छापलेलं असतं, कारण गुलाम माणूस असं लिहू शकतो यावर गोऱ्या वाचकांचा विश्वास नव्हता. गॅरिसन यांच्यासारख्यांच्या प्रस्तावनाही त्याचसाठी असत. आपण मागे सोडलेली प्रस्तावना आता वाचा आणि तिचा सूर डग्लस यांच्या सुराशी ताडून पाहा.

बॉक्स ब्राउन यांच्या नावावर दोन पुस्तकं आहेत. 1849 चं चार्ल्स स्टर्न्स यांच्या हातचं, अलंकारांनी आणि भाषणबाजीने भरलेलं. ब्राउन इंग्लंडला गेल्यावर 1851 मध्ये मँचेस्टरला निघालेलं दुसरं बरंच साधं आहे. खोक्यातल्या प्रवासाची पानं दोन्हींतून काढून एकामागोमाग एक वाचा. तासाभरात तुम्हाला जे कळेल ते दहा समीक्षा वाचून कळणार नाही.

मेरी प्रिन्स बर्म्युडात जन्मली, टर्क्स बेटावरच्या मिठागरांत राबली, मग अँटिग्वाला आली. मालक तिला लंडनला घेऊन गेले आणि 1828 मध्ये ती त्यांच्या घरातून सरळ बाहेर पडली. इंग्लंडच्या भूमीवर तिला कुणी अडवू शकत नव्हतं, पण नवरा अँटिग्वात होता आणि परत गेली तर ती पुन्हा गुलाम. तिची हकिकत सुझाना स्ट्रिकलंड यांनी उतरवून घेतली, थॉमस प्रिंगल यांनी संपादित करून 1831 मध्ये छापली. मिठागरात पाय सडण्याची वर्णनं तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाची असूच शकत नाहीत. मात्र तिच्या खासगी आयुष्यातलं काय गाळलं गेलं असेल, याचा विचार वाचताना करत राहा. सभ्य इंग्रज वाचकाला काय चालेल, हे संपादकाला सांभाळायचं होतं.

सॉलोमन नॉर्थप यांचं 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' हे पुस्तक सिनेमामुळे पुष्कळांना ठाऊक आहे. ते पळून सुटले नाहीत, पत्र बाहेर पोचल्यामुळे 1853 मध्ये कायद्याच्या मार्गाने सुटले. स्वतः पळून सुटलेल्या आणि मग इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांना तर लिहिता येतच नव्हतं. त्यांच्याबद्दल आजही 300 माणसं सोडवल्याचा आकडा सर्रास फिरतो, अभ्यासकांचा आकडा साधारण 70 आहे. ज्या भागातून एकदा निसटल्या तिथेच पुन्हा पुन्हा परत जाऊन 70 माणसं बाहेर काढणं, त्या कामाला फुगवट्याची गरजच नाही.

पाचवी पायरी : हॅरिएट जेकब्स, आणि तिच्याबरोबर एक जाहिरात

हे पुस्तक पहिलं घेऊ नका, पण टाळूही नका. 'इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल' 1861 मध्ये लिंडा ब्रेंट या टोपणनावाने निघालं. त्यात सगळ्यांचीच नावं बदललेली आहेत. ही काल्पनिक कादंबरी आहे असं शंभर वर्षांहून जास्त काळ मानलं गेलं. जीन फेगन येलिन यांनी पत्रं आणि दप्तरं धुंडाळून सिद्ध केलं की लिंडा म्हणजे नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडेंटनची हॅरिएट जेकब्स, आणि तिच्या मागे लागलेला 'डॉक्टर फ्लिंट' म्हणजे जेम्स नॉरकॉम. त्यांनी संपादित केलेली 1987 ची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या.

नॉरकॉमच्या वासनेपासून वाचण्यासाठी जेकब्स 1835 मध्ये पळाली आणि गेली कुठे? स्वतंत्र असलेल्या आजीच्या घराला लागून असलेल्या कोठीच्या माळ्यावर. लांबी 9 फूट, रुंदी 7 फूट, सर्वांत उंच जागी 3 फूट. उजेड नाही, वारा नाही, उंदीर अंगावरून जाणारे. तिथे ती जवळजवळ सात वर्षं राहिली. सापडलेल्या गिरमिटाने तिने फळीत भोकं पाडली आणि त्यातून रस्त्यावर खेळणारी आपली दोन मुलं पाहत राहिली. आई वर आहे हे मुलांना माहीत नव्हतं. नाताळला तिने त्यांच्यासाठी माळ्यावर बसून कपडे शिवले.

ती नुसती लपून बसलेली नव्हती, हे लक्षात ठेवून वाचा. आपण उत्तरेत पोचलो असं नॉरकॉमला वाटावं म्हणून ती पत्रं लिहून ती न्यूयॉर्कहून टपालात टाकण्याची व्यवस्था करते. तिथल्या रस्त्याचं नाव हवं म्हणून न्यूयॉर्क हेरल्डचा एक तुकडा मिळवते. फेरीवाल्याकडून घेतलेल्या टोपीला तो गुंडाळलेला होता. मग डॉक्टर आजीकडे येऊन ते पत्र वाचून दाखवतो, आणि मजकूर बदलून वाचतो. पत्र लिहिणारी भिंतीआड बसून सगळं ऐकते आहे.

याच पानांबरोबर नॉरकॉमने 30 जून 1835 या तारखेने दिलेली जाहिरात शोधून वाचा. ती सहज सापडते. बक्षीस 100 डॉलर. वय 21, उंची 5 फूट 4 इंच, दाट कुरळे केस पण विंचरून सरळ होणारे, बोलणं सफाईदार, शिवणकामात हुशार, अंगावर झोकदार कपडे असण्याची शक्यता. आणि मग ते वाक्य : ही मुलगी कोणतंही कारण नसताना, काहीही चिथावणी नसताना पळाली आहे. पुस्तकातल्या जाहिरातीत बक्षीस 300 डॉलर आहे आणि तिला लिहितावाचता येतं हे ठळकपणे आलं आहे. दोन्ही जाहिराती शेजारी ठेवल्या की मालकाला ती कशी दिसत होती आणि तिला स्वतःला कसं दाखवायचं होतं, हे उघड होतं. 'कारण नसताना' या शब्दांवर मी प्रत्येक वेळी अडतो. कारण त्यालाच सर्वांत चांगलं माहीत होतं.

अशा हजारो जाहिराती कॉर्नेल विद्यापीठाच्या 'फ्रीडम ऑन द मूव्ह' या संग्रहात आहेत. ज्यांनी कधी पुस्तक लिहिलं नाही त्यांची हकिकत बऱ्याचदा तेवढ्या चार ओळीच असते.

या पुस्तकात लैंगिक छळ आहे. वर्गात किंवा वाचनगटात घेणार असाल तर आधी सांगा, आणि एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका.

सहावी पायरी : पोचल्यानंतरची पानं चाळू नका

नव्या वाचकाला वाटतं, उत्तरेत पोचलं की गोष्ट संपली. 1850 च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याने ती संपू दिली नाही. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे, ज्यूरी नसे. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला माणूस मालकाच्या हवाली केला तर 10 डॉलर, सोडला तर 5 डॉलर मिळत. क्राफ्ट दांपत्याला बोस्टन सोडून इंग्लंड गाठावं लागलं ते याच कायद्यापायी. डग्लस यांनी 1845 मध्ये खरी नावं छापली, लगेच त्यांना ब्रिटनला जावं लागलं आणि तिथल्या मित्रांनी 150 पौंड भरून ऑल्डकडून त्यांची सुटका विकत घेतली. जेकब्ससाठी 1852 मध्ये 300 डॉलर भरले गेले. न्यूयॉर्कसारख्या मुक्त शहरात आपला विक्रीखताचा कागद झाला, याचा तिला मनस्वी संताप आला. पैसे भरणाऱ्या बाईंबद्दल कृतज्ञता आणि व्यवहाराबद्दल चीड, दोन्ही ती एकाच पानावर लिहिते.

सातवी पायरी : सांगणाऱ्यासमोर कोण बसलं आहे ते पाहा

1936 ते 1938 या काळात सरकारी लेखक-योजनेत, लहानपणी गुलामीत असलेल्या 2,300 हून अधिक वृद्धांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्या आहेत. यात पलायनं कमी, पण सुटकेच्या दिवसाच्या आठवणी भरपूर. वाचताना खबरदारी एकच : मुलाखत घेणारे बहुतेक दक्षिणेतले गोरे होते आणि मंदीचे दिवस होते.

चार्ल्स्टनच्या सुझन हॅमलिन यांच्या दोन मुलाखती हाच सर्वांत चांगला धडा. गोऱ्या बाईंसमोर त्या मालकाचं भलं बोलतात, शिवाय या बाई मदतकार्य खात्याकडून आल्या आहेत अशी त्यांची समजूत आहे. काळ्या मुलाखतकारासमोर त्याच आजी फटके आणि ताटातूट सांगतात. दोन्ही वाचल्याशिवाय या संग्रहातलं एकही वाक्य कुठे उद्धृत करू नका. आवाज ऐकायचा असेल तर फाउंटन ह्यूज यांची 1949 ची ध्वनिमुद्रित मुलाखत तिथेच आहे.

आठवी पायरी : आता फुले पुन्हा उघडा

जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामातलं त्यांचं औदार्य आणि निरपेक्षता पाहून. अमेरिकेत गुलामी संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. ती अर्पणपत्रिका आपण शाळेत पाठ केल्यासारखी वाचतो. डग्लस आणि जेकब्स वाचून झाल्यावर ती वाचा आणि एक प्रश्न विचारा : सुटकेचं श्रेय मुक्त करणाऱ्यांना किती, आणि स्वतःच्या पायांनी निघालेल्यांना किती? फुल्यांना शूद्रांना जागं करायचं होतं आणि त्यासाठी एक उदाहरण हवं होतं. त्या उदाहरणाची दुसरी बाजू या आत्मकथनांत आहे. दलित आत्मकथनं वाचलेल्या मराठी वाचकाजवळ ती समजून घ्यायची तयारी आधीपासूनच आहे.

पुढे काय घ्यावं? मोठा खजिना हवा असेल तर नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा 'डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ' हा संग्रह. एकेक छोटी हकिकत वाचायची असेल तर विल्यम स्टिल यांचं 1872 चं 'द अंडरग्राउंड रेल रोड'. फिलाडेल्फियात येणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करून ते नोंदी ठेवत आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध संपेपर्यंत त्यांनी त्या लपवून ठेवल्या. त्या नोंदी ठेवताना एकदा समोर बसलेला माणूस त्यांचा स्वतःचा हरवलेला भाऊ निघाला. आणि जेकब्स मनात राहिली असेल तर तिचा भाऊ जॉन जेकब्स. त्याने आपली हकिकत 1855 मध्ये दूर सिडनीच्या वर्तमानपत्रात छापली, तिथे त्याच्यावर कुणाची कात्री चालणार नव्हती. ती पुस्तकरूपाने 2024 मध्ये पुन्हा आली आहे. बहिणीचं पुस्तक आणि भावाचं पुस्तक लागोपाठ वाचा. बहीण जिथे आवाज खाली ठेवते तिथे भाऊ अमेरिकेच्या राज्यघटनेलाच नाव घेऊन जाब विचारतो.